लोहाराचा मुलगा आणि तथागतांचे दहा शिष्य : शिको मुनाकाता

१९५६ हे वर्ष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. १४ ऑक्टोबर, अशोक विजयादशमी, पांढऱ्या वस्त्रांतला जनसागर आणि बाबासाहेब. तथागतांच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाल्याचे तेच वर्ष. त्याच वर्षी इटलीतल्या व्हेनिस शहरात, जगभरच्या कलावंतांच्या मोठ्या द्वैवार्षिक प्रदर्शनात, छापचित्रांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार एका जपानी माणसाला मिळाला. त्याने तिथे मांडलेल्या कामांत तथागतांचे दहा प्रमुख शिष्य होते, लाकडात कोरून कागदावर उमटवलेले. त्या दहांमध्ये आपला उपाली होता. कपिलवस्तूचा न्हावी उपाली.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, आणि तो ओढूनताणून जोडण्याची गरजही नाही. तरीही हा माणूस आपल्या तरुणांना माहीत असायला हवा, असे आम्हाला वाटते. त्याचे नाव शिको मुनाकाता. बाप लोहार, शिक्षण प्राथमिक शाळेपुरते, डोळे जन्मभर अधू. जपानमध्ये हे नाव घरोघरी ठाऊक आहे. आपल्याकडे बौद्ध कलेचा विषय निघाला की अजिंठा, वेरूळ, सांची, गांधार इथेच गाडी थांबते. विसाव्या शतकातही बौद्ध कला घडली आणि ती एका कष्टकऱ्याच्या हातून घडली, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

भात्यापासून न्यायालयापर्यंत

मुनाकातांचा जन्म ५ सप्टेंबर १९०३ चा. गाव आओमोरी, जपानच्या मुख्य बेटाचे अगदी उत्तरेकडचे टोक. महिनोन्महिने बर्फात गाडलेला, राजधानीपासून दूरचा, मागास समजला जाणारा प्रदेश. घरात पंधरा भावंडे. वडील लोखंड तापवून हत्यारे घडवत. शाळा सुटली ती प्राथमिक इयत्तेनंतरच, आणि मुलगा वडिलांच्या हाताखाली ऐरणीपाशी उभा राहिला. पुढे तो गावातल्या न्यायालयात पोऱ्या म्हणून लागला. साहेबांना चहा देणे, कागद इकडून तिकडे पोचवणे हे त्याचे काम. कचेरीच्या वेळेआधी तो बागेत जाऊन चित्रे काढत बसे. शिकवायला कोणी नव्हते.

आओमोरीत उन्हाळ्यात नेबुता नावाचा उत्सव असतो. सांगाड्यावर कागद चिकटवून प्रचंड आकाराचे योद्धे आणि राक्षस बनवतात, ते रंगवतात आणि आत दिवे लावून रात्री रस्त्यांवरून मिरवतात. काळ्या जाड रेघा, आणि कागदाच्या मागून झिरपणारा रंगीत उजेड. ज्याला जवळचेही नीट दिसत नव्हते, त्या मुलाला हे मात्र दिसले. पुढच्या आयुष्यात त्याची चित्रे अशीच दिसणार होती.

साधारण १९२१ च्या सुमारास एका परिचिताने त्याला ‘शिराकाबा’ नावाचे मासिक दाखवले. त्यात व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचे छापील चित्र होते. ते पाहून या पोराने आपण आओमोरीचे व्हॅन गॉग होणार असे जाहीरच करून टाकले. लोक हसले. १९२४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो टोकियोला गेला. सरकारी प्रदर्शनात चित्र लागल्याशिवाय गावी परतायचे नाही, असा निश्चय करून.

चित्र काही लागेना. पुन्हा पुन्हा नकार आला. पोटासाठी मुनाकातांनी जोडे दुरुस्त केले, आंबवलेले सोयाबीन दारोदार विकले. १९२८ मध्ये अखेर त्यांचे एक तैलचित्र स्वीकारले गेले. आता मार्ग मोकळा झाला असे कोणीही म्हटले असते. पण मुनाकातांच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. आपण ज्या युरोपीय चित्रकाराच्या मागे धावतो आहोत, तो तर जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवर लुब्ध होता. मग आपल्या घरातली गोष्ट सोडून आपण दुसऱ्याच्या दारात का उभे आहोत? सुमिओ कावाकामी यांचे वाऱ्यावरचे एक रंगीत छापचित्र पाहून ते आधीच भारावले होते. उन्इची हिरात्सुका यांच्याकडून त्यांनी लाकूड कोरण्याचे धडे घेतले आणि तैलरंग मागे पडले.

तीन हातांचे काम

इथे थोडे थांबून हे तंत्र समजून घेऊ. कारण मुनाकातांनी त्यात काय मोडले, हे त्याशिवाय कळणार नाही.

छपाईची आणि बौद्ध धम्माची सोबत फार जुनी आहे. जपानमध्ये आठव्या शतकात सम्राज्ञी शोतोकूने दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवले आणि प्रत्येकात छापलेली धारणी ठेवून ते मोठमोठ्या विहारांना वाटले. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेले वज्रच्छेदिका सूत्र इ. स. ८६८ चे आहे. ज्यावर तारीख छापलेली आहे असे ते जगातले सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक. एका उपासकाने आईवडिलांच्या नावे, फुकट वाटण्यासाठी ते छापवले होते. म्हणजे छपाई वाढली त्यामागे बुद्धवचन अनेकांपर्यंत पोचावे ही तळमळही होती. पोथी एखाद्याच्या कपाटात बंद राहू नये, यासाठी ठसा आला.

पुढे याच ठशातून रंगीत चित्रे निघू लागली. १७६५ च्या सुमारास हारुनोबू या चित्रकाराच्या काळात अनेक रंगांची चित्रे बहरली. जरीच्या कापडासारखी म्हणून त्यांना निशिकी-ए म्हणत. पद्धत अशी: पातळ कागदावरचे रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवायचे. रेघा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड पटाशीने काढून टाकायचे. ही झाली मुख्य फळी. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरायची. कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला दोन खाचा ठेवायच्या, एक कोपऱ्याची आणि एक सरळ. त्यांना केंतो म्हणतात. पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची थोडी खळ ब्रशने फळीवर पसरायची, किंचित ओलसर हातकागद त्यावर ठेवायचा आणि पाठीमागून बारेनने घासायचे. बारेन म्हणजे हातात मावेल अशी गोल गादी. आत बांबूच्या सालीच्या पिळलेल्या दोरीचे वेटोळे, वरून बांबूच्याच सालीचे वेष्टन. यंत्र नाही, दाब देणारा खोडा नाही. सगळा जोर मनगटाचा आणि खांद्याचा. एका चित्राला दहा फळ्या असतील तर तोच कागद दहा वेळा असा घासावा लागतो, आणि केसभर जरी सरकला तरी वाया जातो.

हे काम तीन जण करत. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा कोरी, छापणारा छापी. वर पैसा लावणारा प्रकाशक. बहुतेक वेळा चित्रावर नाव झळके ते चित्रकाराचे. ज्याच्या मनगटाने केसाएवढी रेघ लाकडात तोलली आणि ज्याच्या खांद्याने रंग कागदात उतरवला, ते क्वचितच कोणाच्या लक्षात राहिले. जपानमधली ही विभागणी म्हणजे आपल्यासारखी जात नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही डोक्याने काम करणारा मोठा आणि हाताने करणारा निनावी, हा हिशेब आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे त्या हिशेबाला धर्माची मान्यता मिळाली आणि त्यातून माणसांचीच उतरंड रचली गेली. जात ही केवळ श्रमांची वाटणी नसून श्रमिकांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले ते याच अर्थाने.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमधल्या काही कलावंतांनी ठरवले की रेखाटायचे, कोरायचे आणि छापायचे तिन्ही काम एकाच माणसाने करायचे. मुनाकाता या पिढीचे, आणि त्यांनी ही गोष्ट टोकाला नेली. ते लाकडाशी अक्षरशः नाक लावून कोरत. जाड भिंगांचा चष्मा फळीला टेकलेला आणि पटाशी धावते आहे, असे त्यांचे छायाचित्रांतले रूप प्रसिद्ध आहे. बारीक रेघ त्यांच्या डोळ्यांना झेपणारी नव्हती. म्हणून रेघ जाड झाली, आकृती फळीच्या कडांना जाऊन भिडली, पांढऱ्या आणि काळ्याची झुंज सुरू झाली. जे उणे होते तीच त्यांची शैली ठरली.

रंग मागून आला

१९३६ साली मुनाकातांचे दीर्घ कवितेवरचे एक मोठे काम टोकियोत प्रदर्शित झाले. ते सोएत्सू यानागी यांच्या नजरेस पडले. यानागी म्हणजे सामान्य कारागिरांनी घडवलेल्या रोजच्या वापराच्या वस्तूंत सौंदर्य असते हे मांडणारे विचारवंत. वाडगे, चटया, हातमागाचे कापड, ज्यांच्यावर कोणाचेही नाव नसते अशा वस्तू त्यांनी गोळा केल्या आणि त्याच वर्षी टोकियोत लोककलेचे संग्रहालय उघडले. मुनाकातांचे ते काम त्यांनी संग्रहालयासाठी घेतले. कुंभारकाम करणारे कांजिरो कावाई मुनाकातांना क्योटोला आपल्या घरी घेऊन गेले. तिथे झेन ग्रंथांची ओळख झाली. लोहाराच्या मुलाला बौद्ध विचार भेटला तो असा, एका कुंभाराच्या घरी.

यानंतर त्यांच्या फळ्यांवर बौद्ध विषय दाटीने आले. अवतंसक सूत्रावरची मालिका आली, अवलोकितेश्वरावरची आली. या दुसऱ्या मालिकेच्या वेळी यानागींनी त्यांना सुचवले की रंग समोरून न लावता कागदाच्या पाठीमागून लावून पाहा. मुनाकातांनी ते केले आणि आयुष्यभर सोडले नाही. याला उराझाइशिकी म्हणतात. आधी काळ्या शाईत चित्र छापायचे. मग कागद उलटा करायचा आणि ब्रशने मागच्या बाजूने रंग भरायचा. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला हा कागद लांब धाग्यांचा आणि शोषून घेणारा असतो. रंग त्यातून झिरपत समोर येतो. काळी रेघ तशीच ठसठशीत राहते आणि तिच्या आत रंग मऊ होऊन उजळतो. नेबुताच्या कागदातून येणारा दिव्याचा उजेडच जणू. दहा रंगांच्या दहा फळ्यांचे काम त्यांनी एका फळीत आणि एका ब्रशात आणले. गरिबाच्या पोराला परवडेल असेच हे तंत्र होते. त्यात एकही प्रत दुसरीसारखी तंतोतंत निघत नाही.

१९३८ मध्ये मुनाकातांच्या एका छापमालिकेला सरकारी प्रदर्शनात विशेष पुरस्कार मिळाला. छापचित्राला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळत होता. विषय होता उत्तरेकडचा एक पारधी, पोटासाठी पक्षी मारणारा आणि मेल्यावर त्याचे दुःख भोगणारा.

एकाच मापाच्या फळ्या

मग १९३९ आले. बराच काळ मनात घोळवलेला विषय मुनाकातांनी लाकडावर घेतला: तथागतांचे दहा प्रमुख शिष्य, आणि दोन बाजूंना मंजुश्री व समंतभद्र हे दोन बोधिसत्त्व. बारा आकृत्या, साधारण एक मीटर उंचीच्या. तपशीलवार रेखाटन आधी केले नाही. लाकूड जपून वापरायचे म्हणून एकाच फळीच्या दोन्ही बाजू कोरल्या. रंग नाही, फक्त काळे आणि पांढरे. प्रत्येक आकृती डोक्यापासून पायापर्यंत फळीत ठासून बसलेली.

कोण हे दहा? सारिपुत्त, मोग्गल्लान, महाकस्सप, सुभूती, मंतानीपुत्र पुण्ण (सोपाऱ्याशी जोडला जाणारा पुण्ण वेगळा), कच्चान, अनुरुद्ध, उपाली, राहुल आणि आनंद. आपल्या तरुणांना यातली किती नावे सांगता येतील, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला.

यातल्या तिघांची गोष्ट एकत्र आहे. अनुरुद्ध, आनंद आणि आणखी काही शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपाली होता. कुमारांनी तथागतांना विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या. म्हणजे तो आमच्यापेक्षा ज्येष्ठ ठरेल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसेच झाले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयी उत्तरे देण्याचा मान याच उपालीकडे आला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात उपालीच्या दीक्षेला जागा दिली, ती उगाच नाही.

आता मुनाकातांच्या रांगेकडे पाहा. राजकुमार अनुरुद्ध, राजकुमार आनंद, तथागतांचा पुत्र राहुल आणि न्हावी उपाली. सगळ्यांना एकाच मापाची फळी. कोणी उंच नाही, कोणी मागे नाही, कोणाच्या पायाशी कोणी बसलेले नाही. मुनाकातांनी हे सामाजिक समतेचे विधान म्हणून केले, असा दावा आम्ही करणार नाही. पण संघाचे चित्र प्रामाणिकपणे काढायला घेतले की ते असेच निघते, हे मात्र खरे. आणि अनुरुद्ध? परंपरा सांगते की त्याची दृष्टी गेली आणि तरीही दिव्यचक्षूत तो सर्वांत पुढे मानला गेला. ज्याने त्याला कोरले, त्याचे नाक लाकडाला टेकलेले होते.

जळालेल्या फळ्या

१९४५ मध्ये युद्ध टोकियोच्या डोक्यावर आले. मुनाकाता कुटुंबाला घेऊन तोयामा भागातल्या फुकुमित्सू या गावी गेले. मे महिन्यात बॉम्बहल्ल्यात टोकियोचे घर जळाले आणि वर्षानुवर्षांच्या कोरलेल्या बहुतेक फळ्या राख झाल्या. दहा शिष्यांच्या फळ्या वाचल्या. दोन बोधिसत्त्वांच्या जळाल्या. १९४८ मध्ये मुनाकातांनी त्या दोन्ही पुन्हा कोरल्या. म्हणून आज जगातल्या संग्रहालयांत दिसणाऱ्या अनेक संचांत शिष्य युद्धाआधीचे आहेत आणि बोधिसत्त्व युद्धानंतरचे.

त्यानंतर जगाने दखल घेतली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे, १९५५ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो इथे आणि १९५६ मध्ये व्हेनिसला पुरस्कार मिळाले. १९५९ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे व्याख्याने दिली, लोकांसमोर बसून कोरून दाखवले. १९६० च्या सुमारास डावा डोळा जवळजवळ निकामी झाला. काम थांबले नाही. १९७० मध्ये जपान सरकारने संस्कृती सन्मान दिला, त्या देशातला संस्कृतीच्या क्षेत्रातला हा सर्वोच्च मान. १३ सप्टेंबर १९७५ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी आओमोरीत आहे आणि तिचे रूप फ्रान्समधल्या व्हॅन गॉगच्या थडग्यासारखे आहे.

आपण काय घ्यायचे, काय नाही

मुनाकातांच्या सगळ्या श्रद्धा आपल्या नव्हेत. आपल्या हातून जे घडते ते आपले नसून अमिताभ बुद्धाच्या करुणेने घडते, ही जपानी भक्तिपरंपरेतली भावना त्यांच्यात खोलवर होती. फुकुमित्सूच्या मुक्कामात ती अधिकच पक्की झाली. आपण बाबासाहेबांच्या मार्गाने धम्मात आलो. आपल्यासाठी तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. हा फरक लपवायचे कारण नाही. जपानला डोक्यावर घेऊन नाचायचेही कारण नाही. त्या देशात बुराकू समाजाने आपल्यासारखीच अस्पृश्यता सोसली, आणि मेलेल्यांना अपमानास्पद धम्मनावे देण्यापर्यंत तिथल्या विहारांनीही त्यात वाटा उचलला. धम्माचे नाव असले म्हणून समता आपोआप येत नाही. ती रोज राखावी लागते.

पण मुनाकातांची एक गोष्ट आपण नक्की घ्यावी. त्यांनी बौद्ध प्रतिमा विकत आणली नाही. ती स्वतः घडवली. जे हात ऐरणीवर, जोड्यांवर आणि कचेरीतल्या चहाच्या पेल्यांवर चालले, त्याच हातांनी सारिपुत्त आणि उपाली घडवले. आपल्याकडे जयंती आली की आपण काय करतो? फ्लेक्सवाल्याकडे जातो. तो संगणकातले तेच एक चित्र काढतो, त्याभोवती आपल्या नेत्यांचे आणि कार्यकर्त्यांचे चेहरे चिकटवतो. आठवड्याने तो फ्लेक्स फाटून गटाराच्या कडेला पडलेला असतो, त्यावर तथागतही असतात आणि बाबासाहेबही. ते पाहून आम्हाला लाज वाटते. तुम्हालाही वाटत असणार.

आपल्या समाजात हातात कसब असलेली माणसे कमी नाहीत. सुतारकाम, गवंडीकाम, चामड्याचे काम, रंगकाम पिढ्यान्‌पिढ्या केलेली घरे आहेत. ज्या कामांवरून आपल्याला हिणवले गेले, ती कामे करायला जातीने भाग पाडणे हा अन्याय होता आणि त्यातून बाहेर पडणे हा आपला हक्कच आहे. पण हातातले कसब कलंकित नव्हते, कलंक लावणारी व्यवस्था होती. शिकलेल्या तरुणाने आजोबांच्या पटाशीकडे पाहून मान खाली घालायची गरज नाही. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या नावाने तीच पटाशी हातात घेणे वेगळे.

म्हणून एक साधी सूचना करतो. विहारात रविवारी मुले जमतात. वंदना होते, थोडे प्रवचन होते. त्यानंतर एक तास त्यांच्या हातात एखादी मऊ लाकडी फळी किंवा लिनोचा तुकडा, एक पटाशी आणि काळी शाई द्या. बारेन मिळणार नाही, पण चमच्याच्या पाठीनेही छाप उठतो. रंग मागून लावायला हातकागद लागेल, तो आपल्याकडे बनतो. मोठ्या मुलांनी कोरावे, लहानांनी छापावे, आणि कोणी काय केले त्या सगळ्यांची नावे चित्राखाली लिहावीत. पहिला विषय उपालीच असू द्या. पुढच्या बुद्ध पौर्णिमेला विहाराच्या दारात फ्लेक्सऐवजी मुलांनी छापलेला, थोडा वाकडा, काळा-पांढरा उपाली लावा.

येणारा-जाणारा विचारेल, हा कोण? सांगायला मुले तिथे असतीलच.